पात्याची जाडी

आम्ही जागा बघायला गेलो तेव्हा घरमालक फाटकाशी उभे राहून दगड चाटत होते. चाटत म्हणजे अगदी जिभेने. अंगात बंडी, एका हातात दुधाची पिशवी आणि दुसऱ्या हातात लिंबाएवढा मातकट दगड. दुसरा कुणी असता तर आम्हाला पाहून ओशाळला असता, पण काका तसले नव्हते. ओला झालेला दगड त्यांनी आमच्या पुढे धरला आणि म्हणाले, "कोरड्यात काही कळत नाही. ओला केला की रंग सांगतो." नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी जिन्याकडे बघितलं. जिना झाडलेला होता, वर दोन खोल्या, समोर गच्ची, नळाला दोन्ही वेळ पाणी. बऱ्हाणपूरच्या लालबागेत त्या भाड्यात याहून बरी जागा मिळायची नाही, म्हणून आम्ही ती दगड चाटणाऱ्या घरमालकासकट घेऊन टाकली.

बऱ्हाणपूर तेव्हा अजून खंडवा जिल्ह्यात होतं आणि बाहेरचं जग नुकतंच तिथवर येऊन पोचत होतं. चौकात परदेशी मालाची दुकानं, घराघरांवर केबलच्या तारा, आणि ज्याच्या हातात केळीचे पैसे आले तो आधी न्हाणीघरातली शहाबादी फरशी उखडून टाइल्स बसवून घ्यायचा. माझा नवरा सकाळी डबा घेऊन नेपानगरला नोकरीवर जायचा. मग दिवसभर वर मी, खाली काका-काकू, आणि खाली, वर, जिन्यात, खिडक्यांत, तुळशीच्या कट्ट्यावर काकांचे दगड.

काकांची सगळी नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात झाली. दिल्लीकडे जाणारी केळी तोलायची आणि गाडीत चढवून द्यायची. निवृत्त झाले तरी तोलायची सवय सुटली नव्हती. मी बाजारातून आले की माझ्या हातातली पिशवी घेत, क्षणभर डोळे मिटत आणि म्हणत, "सूनबाई, भेंडीवालीनं पावभर कमी दिली." खरं-खोटं करायला माझ्याकडे काटा नव्हता. त्या बिचाऱ्या भेंडीवालीवर मी उगाचच किती महिने रुसून होते कोण जाणे.

दगडांचा नादही त्यांना रेल्वेनेच लावला. रुळांखाली काळी गिट्टी टाकतात ना, तिच्यातला एक फुटका तुकडा त्यांनी एकदा सहज उचलला. त्याच्या पोटात पोकळी होती आणि पोकळीत साखरेसारखे पांढरे, चमकणारे कण. "एवढ्या काळ्या दगडाच्या पोटात हे! अन् आपण त्याच्यावरून गाड्या नेऊ राहिलो," असं ते अजूनही काल घडल्यासारखं सांगत. तेव्हापासून ते रुळांवर आणि पुढे तापीच्या पात्रात वाकून चालायला लागले. एकदा रेल्वे पोलिसाने त्यांना कोळसाचोर समजून धरलं आणि पिशवी उपडी करायला लावली. आतून निघाले दगड.

"बाबूजी, ये क्या है?"

"पत्थर."

"वो तो दिख रहा है. इनका करोगे क्या?"

"देखूँगा."

पोलिसाने सगळे दगड स्वतःच्या हाताने पिशवीत भरून दिले आणि म्हणाला, "घर जाओ बाबूजी, धूप बहुत है." ही गोष्ट सांगताना काका स्वतःच इतके हसत की शेवट आपल्यालाच पूर्ण करावा लागे. गल्लीत त्यांना 'पत्थरवाले बाबूजी' म्हणत, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे.

वाटायचं ते काकूंना. काकू म्हणजे काटकुळ्या, चटपटीत, जिभेला धार. "लोकांचे नवरे दारू पितात, पत्ते खेळतात, त्यांची तक्रार तरी करता येते," त्या म्हणत. "माझा दगड चाटतो. आता मी कुठं जाऊ सांगायला?" देवघराच्या उंबऱ्याच्या आत एकही दगड त्या येऊ देत नसत, आणि चाटलेल्या तोंडाने नवऱ्यालाही.

पण काकांचं खरं दुःख वेगळंच होतं. दगड बाहेरून ओला करून किती बघणार? आत काय आहे ते कळायला तो उघडावा लागतो, आणि हातोडीने दगड उघडत नाही, फुटतो. चार वेळा घाव घातला की तीन वेळा हातात चुरा. नदीतून आणलेला सुंदर, नारिंगी झाक असलेला गोटा अंगणात फुटून त्याच्या ठिकऱ्या उडाल्या की काका त्या दिवशी जेवायला उशिरा यायचे. गुजरातेत खंबायतेकडे दगड कापायची यंत्रं असतात असं त्यांनी ऐकलं होतं, पण ती कारखान्यातली, पेन्शनीतल्या माणसाने नुसती नावं घ्यावीत अशी.

मग शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात टाइल्स बसायला लागल्या. मिस्त्रीच्या हातात पोळीएवढं गरगरणारं पातं, आणि त्या पात्याने तो टाइलचा कोपरा लोण्यासारखा कापत होता. काका सकाळी साखर मागायला म्हणून तिकडे गेले ते दुपारी परत आले, साखर न घेता. "अगं, टाइल म्हणजे तरी काय? भाजलेला दगडच ना," ते अंगणातून ओरडत आले. "जे पातं टाइल कापतं ते दगड कापणार नाही?"

"मला पुरणाला साखर हवी होती," काकू म्हणाल्या.

तिथून पुढे वर्षभर आमच्या घरात टाइल कापायच्या मशीनशिवाय दुसरा विषय नव्हता. उपवर मुलीसाठी स्थळं बघावीत तशी काकांनी ती मशीनं बघितली. बऱ्हाणपुरातली हार्डवेअरची सगळी दुकानं झाली, कामानिमित्त भुसावळला गेले तर तिथली, खंडव्याला लग्नाला गेले तर मांडवातून उठून तिथली. एकदा मला दोरा-अस्तर घ्यायचं होतं म्हणून मी बाजारात त्यांच्याबरोबर गेले आणि तो प्रकार डोळ्यांनी बघितला.

दुकानदाराने अदबीने विचारलं, "बाबूजी, टाइल कौन-सी है? साइज बताओ."

"टाइल नहीं है," काका म्हणाले. त्यांनी खिशातून दगड काढला, चाटला आणि काउंटरवर ठेवला. "ये है."

दुकानदाराने दगडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी अस्तराच्या पिशवीत काहीतरी शोधायला लागले.

"बाबूजी, ये टाइल काटने की मशीन है. पहाड़ काटने की नहीं."

"पहाड़ नहीं काटना. नींबू काटना है," काका म्हणाले आणि स्टूल ओढून बसले.

दुकानदाराने आधी हातात धरायचं कटर दाखवलं. काकांनी ते बाजूला सारलं. सगळ्यात कमी दाम त्याचेच होते, पण दगड गोल असतो, टाइलसारखा निमूट पडून राहत नाही. एका हातात दगड आणि एका हातात गरगरणारं पातं धरलं तर दगड राहतो आणि बोटं जातात, शिवाय कोरड्या कापणीची धूळ छातीत. मग मोठं मशीन आलं, वर मोटार, खाली रूळ. ते बघून काकांच्या डोळ्यांत लोभ दाटला, पण किंमत ऐकून त्यांनी ते झाकून ठेवायला सांगितलं. शिवाय ते चालायला जेवढा करंट लागतो तेवढा लालबागेत सणावारालाही येत नव्हता. राहिलं मधलं. लहानसं टेबल, त्याच्या फटीतून अर्धं पातं वर आलेलं, अर्धं खालच्या तबकातल्या पाण्यात बुडालेलं. पातं फिरताना स्वतःच पाणी घेऊन येतं, त्यामुळे धूळ उडत नाही आणि पातं तापत नाही. एका बाजूने कापलं, दगड फिरवला, दुसऱ्या बाजूने कापलं. लिंबाला एवढं पुरे.

इथवर दुकानदारालाही पटलं होतं. पण काकांचं मन पात्यावर अडलं. दातेरी पातं भरभर कापतं पण कडा उडवतं, म्हणून त्यांना अखंड कडेचं हवं होतं, आणि तेही पातळ. त्यांनी एकेक पातं नखावर धरून जाडी बघायला सुरुवात केली. "सूनबाई, हे ध्यानात ठेवा," मला म्हणाले, "पातं जेवढं जाड, तेवढा दगड मधल्या मध्ये पीठ होऊन पाण्यात जातो. तो मग कोणाचाच नाही. कापावं तर असं कापावं की कमीत कमी जाईल." एवढं बोलून, सगळी पाती तपासून झाल्यावर ते उठले. "सोचता हूँ," त्यांनी दुकानदाराला सांगितलं. दुकानदाराचा चेहरा मला अजून आठवतो.

घरी आल्यावर त्यांनी सगळा वृत्तांत काकूंना ऐकवला. काकू भाजी चिरत होत्या. त्यांनी मान वर न करता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पोरीनं पसंत केलेला मुलगा बघायला तुम्हाला पाच मिनिटं नव्हती. अन् ह्या मशीनला वर्ष झालं बघू राहिले."

काकांनी चपला घातल्या आणि ते नदीवर निघून गेले.

त्यांना एकच मुलगी. इंदूरला शिकायला गेली, तिथे नोकरीला लागली आणि तिथल्या एका सिंधी मुलाशी लग्न करायचं म्हणून विचारायला घरी आली. काका हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत, मुलाला बघायला तयार झाले नाहीत. मुलीने वाट बघितली आणि कोर्टात लग्न केलं. काकांनी तिला निरोप पाठवला, केलंस ना, आता तिकडेच राहा. रागात गेलेला शब्द. मुलगीही बापाचीच, तिने तो पाळला. आम्ही राहायला गेलो तेव्हा या गोष्टीला वर्ष उलटून गेलं होतं आणि त्या घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती. काकू रविवारी सकाळी, काका नदीवर गेले की, हात पुसत वर यायच्या आणि आमच्या फोनवरून इंदूर लावायच्या. मी चहा टाकायला आत जायचे. कितीही उशिरा चहा आणला तरी त्यांचं बोलणं संपलेलं नसायचं. त्यांना एकच हवं होतं, लेकीने एकदा या उंबऱ्यावर यावं, पाटावर बसून जेवावं. आणि ते एका माणसाच्या एका शब्दावर अडलं होतं.

काकांचा मला तेव्हा राग यायचा. इतका हौशी, इतका हसरा माणूस आणि पोटच्या पोरीशी असा! पण समोर आले की राग टिकायचा नाही. माझ्या नवऱ्याला कावीळ झाली तेव्हा नेपानगरच्या गाडीने जाऊन त्याच्या रजेचा अर्ज देऊन आले, आणि येताना रुळावरचा दगड आणला.

मशीन शेवटी आलं. तेच, मधलं, त्या दिवशी माझ्यासमोर बघितलेलं. मागच्या अंगणात न्हाणीच्या भिंतीला लागून ते मांडलं आणि पहिला दगड कापायचा म्हणून काकांनी नारळ फोडला. गल्लीतले पाच-सहाजण बघायला आले होते. पातं फिरायला लागलं, पाणी दुधासारखं पांढरं झालं, असा आवाज सुटला की शेजारची म्हैस दावं ताणायला लागली, आणि अर्धा दगड कापून होतो न होतो तोच लाइट गेली.

पातं दगडात अडकलेलं. काकांनी दोन्ही हातांनी दगड तसाच धरून ठेवला, कारण तो हलला की कापाची रेघ हलणार. माणसं वाट बघून पांगली. काकूंनी त्यांना बशीने चहा पाजला. "देवा, काय करू राहिला हा माणूस," त्या म्हणाल्या, पण बशी नीट धरली होती. दुपार कलल्यावर लाइट आली तेव्हा काका अजून तसेच बसलेले होते. दगड उघडला. आत काही नव्हतं, बाहेर होता तसाच करडा, सपाट. काकांनी तो पाण्यात बुडवून पुन्हा पुन्हा बघितला. "छान आहे," ते म्हणाले. "याच्या पोटात काही नाही हे तरी कळलं."

हळूहळू हात बसला. लहान खडा असेल तर तो धरायचा कसा, यावर त्यांनी तोडगा काढला. रिकाम्या काडेपेटीत सिमेंट भरायचं, त्यात खडा रोवायचा, वाळलं की सगळी वडीच पात्यावर द्यायची. बोटं शाबूत राहतात. आमच्या काड्या त्यामुळे वाटीत असायच्या.

काकूंच्या घरी भाद्रपदात खड्याच्या गौरी असत. मुखवटे नाहीत, साड्या नेसवलेल्या उभ्या गौरी नाहीत. नदीकाठचे खडे तबकात घ्यायचे, वर खण झाकायचा, तोंडात पाण्याची चूळ धरायची आणि घर येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. दारात पाय धुवायचे, ओवाळायचं, आणि गौर घरात. ती तीन दिवसांची माहेरवाशीण. पहिल्या दिवशी येते, दुसऱ्या दिवशी जेवते, तिसऱ्या दिवशी तिला तापीत बोळवायची. त्या वर्षी सोबतीला मी गेले. जाताना काकू स्वतःवरच हसत होत्या. "वर्षभर ह्यांच्या दगडांना नावं ठेवते अन् भादवा आला की मीच नदीवर दगड वेचते. ह्यांना म्हणते, तुमचे दगड ते दगड, माझी ती गौर!"

तिसऱ्या दिवशी बोळवायलाही मीच सोबत होते. काकूंनी एकेक खडा पाण्यात सोडला. शेवटचा, गोल, पिवळसर लाल, त्यांनी हातातच ठेवला आणि पदराच्या टोकाला त्याची गाठ मारली.

"काकू, ही राहिली," मी म्हटलं.

"राहू दे." त्या पाण्याकडे बघत होत्या. "पोर आलीच नाही माहेराला. जेवली नाही, बसली नाही. अन् ह्यांना मात्र मी जेवू घालून बोळवायचं? एवढी एक राहू दे. लेक येईल तेव्हा दोघींना सोबतच वाटे लावीन."

हे शास्त्रात बसतं की नाही मला ठाऊक नाही. काकूंनाही नसावं, कारण घरी आल्यावर त्यांनी तो खडा देवघरात ठेवला नाही. तांदळाच्या डब्यात, अगदी तळाशी ठेवला. "अन्नात असली की उपाशी राहायची नाही," मला हळूच म्हणाल्या.

थंडीत काकूंना ताप आला. चांगले दोन आठवडे अंथरुणाला खिळल्या. मी वरून डबा देते म्हटलं तर काकांनी ऐकलं नाही. "मला खिचडी येते," म्हणाले. येत होतीच, पण रोज तीच. आणि एके दिवशी तांदूळ तळाला गेले.

पुढचं मला काकांनीच नंतर सांगितलं. डब्यात हात घातला तर बोटांना खडा लागला. वर काढला, सवयीने चाटला, आणि आतून मधासारखा रंग वर आला. असा दगड त्यांना कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. तो डब्यात आला कुठून? इतकी वर्षं दगडांना नावं ठेवणाऱ्या बायकोने तो उचलून आणला असणार, आणि कबूल करायची लाज वाटते म्हणून लपवला असणार. म्हणजे हिलाही गोडी लागली! काका म्हणाले, "सूनबाई, लग्न झाल्यापासून एवढा आनंद मला झाला नव्हता." आपल्याला कळलं हे तिला कळू द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. गुपचूप सिमेंटची वडी केली. सगळ्यात पातळ पातं चढवलं. कापून झाल्यावर दोन्ही भाग चार-पाच दिवस बारीक पॉलिश पेपरने घासले, तेल लावून चमकवले.

काकू उठून बसायला लागल्या त्या सकाळी काकांनी मलाही खाली बोलावलं. काकू खाटेवर शाल घेऊन बसल्या होत्या. काकांनी वर रुमाल झाकून एक वाटी आणली, त्यांच्या मांडीवर ठेवली आणि रुमाल काढला. वाटीत दोन तुकडे. आत नारिंगी आणि पांढऱ्या रेघा, एकात एक, आणि मधोमध इवलीशी पोकळी, तिच्यात चमकणारे कण. खरंच फार देखणं होतं. काका काकूंच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते.

"बघ," ते म्हणाले, "तू आणलेल्या दगडाच्या पोटात काय निघालं!"

मी बाहेरचा पिवळसर लाल रंग ओळखला. काकूंनी दोन्ही तुकडे उचलले. त्यांनी ते एकमेकांवर ठेवले आणि जोडून पाहायला लागल्या. ते जुळेनात. कडेला कड लागत होती, पण आकार पहिल्यासारखा येत नव्हता, मधून काहीतरी गेल्यासारखा बसका दिसत होता. त्यांनी फिरवून लावले, उलटे करून लावले.

"बसत नाही," त्या म्हणाल्या.

"नाही बसणार. पात्याची जाडी जाते ना मधली," काका समजावू लागले. "पातळातलं पातळ पातं होतं, तरी तेवढं तर..." मग काकू तुकडे पुन्हा जोडायला लागलेल्या त्यांना दिसल्या आणि ते थांबले.

"ही गौर होती," काकू म्हणाल्या. "भादव्यातली. पोर येईपर्यंत ठेवली होती."

काका उभे होते ते खाटेच्या कडेला बसले. मला तिथून निघून जायचं होतं आणि पाय उचलत नव्हता. मग काका अगदी हळू म्हणाले, "भंगलेली घरात ठेवत नाहीत. मी आत्ता जाऊन तापीत..."

"अन् माहेरपण?" काकूंचा आवाज चढला. तापातून उठलेल्या बाईला एवढा आवाज कुठून आला कोण जाणे. "लेक आल्याशिवाय मी हिला बोळवणार नाही. तुम्हीच ठेवू नका म्हणता, तर तुम्हीच बघा काय करायचं ते. तुम्ही कापली."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका वर आले. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. दारातच उभे राहून म्हणाले, "सूनबाई, इंदूरचा नंबर लावून द्या."

मी गडबडले. नंबर आमच्याकडे आहे हे त्यांना कसं ठाऊक? माझा चेहरा बघून ते वैतागले. "रविवारी सकाळीच मी नदीवर का जातो? नदीत काय रविवारी दगड वाढतात?"

मी नंबर लावला आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. चहा टाकायला आत जायचं मला सुचलं नाही.

"हॅलो. मी बोलतोय," काका म्हणाले. पलीकडे आवाज ओळखला गेला नसावा. "मी. बाबा... नाही, आई बरी आहे. बरी आहे म्हणतो ना. ताप उतरला." मग घसा खाकरून, ऑफिसात तक्रार नोंदवावी तसं म्हणाले, "तुझ्या आईची गौर माझ्या हातून कापली गेली... गौर. गौर गं. खड्याची... आता ती तुझ्याशिवाय बोळवत नाही म्हणते. तर ये." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. काकांनी डोळे मिटले, पिशवी तोलताना मिटायचे तसे.

"दोघं या," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मायलेकींनी मग ते दोन तुकडे तापीत सोडले, खणा-नारळाने ओटी भरून. मी गेले नव्हते. मला आठवतो तो त्याआधीचा दिवस, ते दोघं आले तो. मुलगी उंबऱ्यावर आली, काकूंनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि तिला कवेत घेऊन सरळ स्वयंपाकघरात नेलं. बाहेर राहिले काका आणि जावई. जावई उंच, संकोची, हातात मिठाईचा डबा. तो वाकून पाया पडला. काकांनी विचारलं, "ट्रेन से आए?" तो म्हणाला, "नहीं, बस से." मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते आणि दोघांपैकी कुणालाही तहान नव्हती.

मग काका त्याला मागच्या अंगणात घेऊन गेले. दुसरं काय दाखवणार होते! पोरगा इंदूरला पंप-मोटारींच्या दुकानात कामाला होता. मशीन दिसलं तसा त्याचा संकोच गेला. त्याने खाली बसून तबक ओढून बघितलं, पट्टा चाचपला, पातं हाताने फिरवून त्याचा हेलकावा बघितला. काका त्याच्या मागे वाकून उभे होते.

"अच्छी चीज है, पापाजी," तो म्हणाला. "कितने में पड़ी?"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मायलेकींचे आवाज येत होते, दोघी एकाच वेळी बोलत होत्या, आणि मध्येच त्यांची लेक मोठ्याने हसली. काका त्या खिडकीकडे बघत राहिले.

"महँगी पड़ी, बेटा," ते म्हणाले. "बहुत महँगी पड़ी."